पहिल्या पंगतीला कोण बसतं?

भट्टीची कॉइल जागेवर नव्हती. इंडक्शन फर्नेसच्या पोटात तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं असतं. त्यातून वीज खेळते आणि लोखंडाचं पाणी होतं. तिथं आता नुसतं भगदाड होतं. भिंतीवरच्या जाड केबली कापून नेलेल्या, पॅनेलची दारं सताड उघडी, आणि खाली मोल्डिंगची काळी वाळू गळक्या पत्र्यातून आलेल्या पाण्यानं थिजून दगड झालेली. जानेवारी २०२० ची गोष्ट. कोल्हापूरजवळच्या एका एमआयडीसीतल्या फौंड्रीचा ताबा घ्यायला मी गेले होते. बरोबर दोन सहकारी, एक फोटोग्राफर, आणि सहा महिने बिनपगारी गेटवर बसलेला जुना वॉचमन. तो म्हणाला, "मॅडम, मी एकटा. रातीला टेम्पो घिऊन आली, चौघं-पाचजण. मी काय करनार?"

चोरीला गेलेल्या तांब्याची भंगारातली किंमत आठ-नऊ लाख असेल. पण तांबं गेलं म्हणून भट्टी गेली, आणि भट्टी गेली म्हणून चालू कारखाना विकत घेऊ शकणारं गिऱ्हाईक गेलं. पुढं दोन वर्षं मी या कंपनीचा शेवटचा हिशेब करत होते. त्यात ज्यांच्या वाट्याला कमी आलं किंवा काहीच आलं नाही, त्यांच्याकडं बघताना मला ते भगदाडच आठवायचं.

मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. बुडालेल्या कंपन्यांचा कारभार हाती घेणं आणि त्या वाचल्या नाहीत तर त्यांची शिस्तीत आवराआवर करणं हे माझं काम. कायद्याच्या मराठीत मला परिसमापक म्हणतात, बाकी सगळीकडं लिक्विडेटर, आणि त्या फौंड्रीच्या कामगारांत 'लिलाववाल्या मॅडम'. कंपनीचं नाव इथं सांगणार नाही. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, ओळख पटू नये म्हणून थोडे बदललेही आहेत. हिशेबाची रीत मात्र जशी घडली तशीच सांगते. नियम आमच्या वेळचे आहेत, या कायद्यात दुरुस्त्या होत असतात.

कंपनी बुडणं म्हणजे काय, इथून सुरुवात करायला हवी. तोटा झाला म्हणजे कंपनी बुडाली असं नसतं. ज्या दिवशी द्यायचे पैसे त्या दिवशी देता येत नाहीत, आणि सगळं विकलं तरी सगळ्यांचं भागणार नाही, तेव्हा ती बुडालेली असते. अशा वेळी मोकळं सोडलं तर काय होतं हे बाजारातल्या प्रत्येकाला माहीत आहे. ज्याचा हात लांब तो आधी येऊन उचलून नेतो. बँक जमिनीवर नोटीस लावते, माल पुरवणारा रात्रीतून कास्टिंग भरून नेतो, मालकाचा नातेवाईक स्वतःची उसनवार आधी वसूल करतो. कामगार गेटबाहेर मांडव घालून बसतो आणि त्याला शेवटी काय मिळेल हे कुणीच सांगू शकत नाही. हे थांबवावं, सगळी मालमत्ता एका हातात यावी आणि वाटप ठरलेल्या क्रमानं व्हावं, यासाठी नादारी आणि दिवाळखोरी संहिता २०१६ साली आली. तिचे कंपन्यांबाबतचे भाग त्या वर्षीच्या डिसेंबरपासून लागू झाले.

त्याआधी काय होतं ते मी आर्टिकलशिपच्या दिवसांत पाहिलंय. एका बंद गिरणीचे हिशेब तपासायला आमच्या सरांनी मला पाठवलं होतं. कामगारांच्या यादीत नावापुढं पेन्सिलीनं 'मयत' लिहिलेली पानंच्या पानं होती, आणि वारसांचे पत्ते दोन-दोनदा बदललेले. १९८५ च्या आजारी उद्योगांच्या कायद्यात कंपनीची सगळी पुंजी तोट्यात धुऊन जाईपर्यंत थांबावं लागे. मग बीआयएफआर या मंडळाकडं प्रकरण गेलं की वसुलीला संरक्षण मिळे, योजना बनत आणि फसत, त्यात वर्षं जात. नंतर गुंडाळण्याचा आदेश होई तोवर यंत्रांचा गंज आणि वकिलांची बिलं उरलेली असत. तो कायदा १ डिसेंबर २०१६ ला रद्द झाला, आणि माझ्या मते ते उशिराच झालं.

नव्या संहितेत दोन टप्पे आहेत. पहिल्यात कंपनी वाचवायचा प्रयत्न होतो. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणानं, म्हणजे एनसीएलटीनं अर्ज दाखल करून घेतला की मालकाच्या हातातून कारभार जातो आणि माझ्यासारखा माणूस तिथं बसतो. कर्ज देणाऱ्यांची समिती बनते. कुणी ती कंपनी घ्यायला पुढं आला आणि समितीच्या ६६ टक्के मतांनी त्याची योजना मान्य झाली तर कंपनी जगते. यासाठी १८० दिवस, वाढवून २७०, आणि कोर्टकज्जे धरून ३३० दिवसांची मर्यादा. कुणीच आलं नाही, किंवा आलेली योजना टिकली नाही, तर दुसरा टप्पा येतो तो परिसमापनाचा. आमच्या फौंड्रीचा पहिला टप्पा टाळेबंदीत गेला. दोघांनी चौकशी केली, कारखाना पाहून गेले आणि भट्टीचं भगदाड बघून परत फिरकले नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये परिसमापनाचा आदेश झाला.

आदेश झाला की कायद्यानं कामगारांच्या नोकऱ्या त्या दिवशी संपतात. आदेश हीच कामावरून मुक्त केल्याची नोटीस. हे वाक्य मी गेटवर उभी राहून मोठ्यानं वाचलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. कारखाना जुलै २०१९ पासून बंदच होता, पण सरकारची परवानगी न घेता बंद केलेला. तेव्हाच्या कायद्यानं शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला बंद करण्याआधी ती लागे. त्यामुळं कागदोपत्री ही माणसं अजून नोकरीत होती, आणि पुढच्या हिशेबात हीच गोष्ट त्यांच्या कामी आली.

नेमणुकीपासून पाच दिवसांत जाहीर सूचना द्यायची असते. एक इंग्रजी आणि एक स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात. त्यात लिहिलेलं असतं की परिसमापन सुरू झालंय, ज्यांचं कंपनीकडं येणं आहे त्यांनी आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांत दावा दाखल करावा. आमच्या १२० कायम कामगारांपैकी पहिल्या दोन आठवड्यांत ४१ जणांचे दावे आले. बाकीचे का आले नाहीत म्हणून मी चौकशी केली. काहींना वाटत होतं युनियननं सगळ्यांचं भरलंय. काहींना वाटलं कागदावर सही केली की हक्क सोडल्यासारखं होईल. बऱ्याच जणांना फॉर्म इंग्रजीत असल्यानं कळलाच नव्हता. आणि काहीजण पहिल्या टप्प्यात दावा दिला होता म्हणून निवांत होते, ज्याला अर्थ नव्हता, कारण तेव्हा परिसमापनात दावा पुन्हा द्यावा लागे.

मग जवळच्या गावातल्या मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात आम्ही तीन दिवस बसलो. मास्क लावून, अंतर ठेवून. पगाराच्या चिठ्ठ्या क्वचितच कुणाकडं होत्या. पण बँकेच्या पासबुकात पगार जमा झाल्याच्या नोंदी होत्या, ईएसआयची कार्डं होती, आणि पोरांनी मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडून दिलं. सगळ्यात मोठा आधार निघाला तो अकाउंट्समधल्या बाईंचा. कारखाना बंद होताना पगारपत्रकं भिजतील म्हणून त्यांनी ती घरी नेऊन, गादीच्या कपाटात, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवली होती. सात वर्षांची पगारपत्रकं. त्या रोज एसटीनं यायच्या, नाव वाचायच्या, रक्कम सांगायच्या आणि संध्याकाळी परत जायच्या. १२० पैकी ११८ दावे आम्ही त्यांच्यामुळं वेळेत घेऊ शकलो, उरलेले दोन वारसांकडून नंतर आले.

कंत्राटी कामगारांचं सांगायलाच हवं. भट्टीवर आणि फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला, निम्म्याहून जास्त माणसं ठेकेदाराची होती. कंपनीच्या पटावर त्यांची नावं नव्हती, आणि ठेकेदाराचा फोन बंद. त्यांच्यासाठी मी फारसं काही करू शकले नाही.

दावे येत असतानाच दुसरं काम चालू असतं. आत जे काही आहे त्यातलं कंपनीचं नेमकं काय, हे ठरवणं. फौंड्रीत हा प्रश्न फार अवघड असतो, कारण पॅटर्न. कास्टिंगचा साचा ज्याच्यावरून बनतो तो लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा नमुना बहुतेक वेळा गिऱ्हाईकाच्या मालकीचा असतो, फौंड्रीत तो नुसता ठेवायला असतो. दुसऱ्याची वस्तू कंपनीच्या ताब्यात आहे म्हणून ती कंपनीची होत नाही, परिसमापकाला ती विकता येत नाही. रॅकवर चारशेच्या वर पॅटर्न होते, धुळीनं माखलेले, आणि रजिस्टर कुठंच सापडत नव्हतं. पॅटर्न शॉपचे जुने मिस्त्री, साठी ओलांडलेले, त्यांना निरोप धाडला. ते आले, चष्मा पुसला, पहिला पॅटर्न उचलून उलटा केला आणि अंगठ्यानं खालची धूळ खरवडली. "ह्यो आपला न्हाई. पंपवाल्यांचा. हितं पोटात त्यांचा नंबर हाय, बघा." तीन दिवस ते एकेक पॅटर्न असाच हातात घेत होते. कुणाचा, कोणत्या वर्षी आला, कोणत्या कडेला एकदा तुटला आणि कुणी जोडला, सगळं त्यांच्या डोक्यात. तीनशेच्या वर पॅटर्न परक्यांचे निघाले. ते न्यायला गिऱ्हाईकांची माणसं आली तेव्हा जुन्या बिलांचा विषय निघाला, आणि अडकलेलं येणं तिथंच थोडं वसूल झालं.

तसाच पीएफ. कामगाराच्या पगारातून कापलेला आणि मालकानं घालायचा असलेला भविष्य निर्वाह निधी ही कंपनीची मालमत्ता धरलीच जात नाही. तो वाटपाच्या आधीच बाजूला निघतो. ग्रॅच्युइटीसाठी वेगळा निधी असेल तर तोही कामगारांचाच. आमच्या कंपनीनं पूर्वी आयुर्विम्याकडं ग्रॅच्युइटीची गट योजना घेतली होती. हप्ते मधेच थांबवले होते, पण जे साठलं होतं त्याला कुणी हात लावू शकलं नाही.

व्यवहारांची मागची पानंही उलटावी लागतात. कंपनी बुडायला लागल्यावर मालकानं जवळच्या कुणाला आधी पैसे देऊन मोकळं केलं असेल, तर नातेसंबंधातल्या व्यवहारांसाठी दोन वर्षं आणि इतरांसाठी एक वर्ष मागं जाऊन ते पैसे परत मागता येतात. कंपनीकडं पगाराला पैसे नव्हते त्याच महिन्यांत मालकाच्या मेहुण्याच्या फर्मची उसनवार पूर्ण फेडलेली मला वहीत दिसली. न्यायाधिकरणापुढं अर्ज केला. ४० लाख परत आले.

मग विक्री. दोन नोंदणीकृत मूल्यांककांकडून किंमत काढून घ्यायची आणि त्यावरून लिलावाची राखीव किंमत ठरवायची. आधी सगळा कारखाना एकत्र, चालू उद्योग म्हणून विकायचा प्रयत्न करायचा, कारण जोडलेल्या अवस्थेत जास्त किंमत येते आणि कुणाला तरी काम मिळतं. आमचा ऑनलाइन लिलाव जुलै २०२१ च्या अखेरीस ठेवला होता. त्याच आठवड्यात पंचगंगेला पूर आला, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कारखाना बघायला यायचे ते पुण्या-मुंबईचे लोक येऊच शकले नाहीत. सप्टेंबरमध्ये १९ कोटींच्या राखीव किमतीला लिलाव लावला. एकही बोली नाही. नियमाप्रमाणं २५ टक्के उतरवून सव्वाचौदा कोटी केली. तरीही नाही. येणारा प्रत्येकजण दोन गोष्टी विचारायचा. भट्टी किती दिवसांत चालू होईल, आणि वीज कंपनीची जुनी थकबाकी माझ्या गळ्यात पडेल का?

या दुसऱ्या प्रश्नाचं पक्कं उत्तर तेव्हा मी देऊ शकत नव्हते. वीज कंपन्यांचं म्हणणं असायचं की आधी थकबाकी भरा, मग जोडणी. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२३ मध्ये रमण इस्पात प्रकरणात स्पष्ट केलं की परिसमापनात संहितेचा क्रम वीज कायद्याच्या वर आहे, वीज कंपनीलाही त्या क्रमातच थांबावं लागेल. आमची विक्री त्याच्या आधी झाली. ती शंका आमच्या किमतीतून वजा झाली.

शेवटी ज्यांचं येणं आहे त्यांच्या सल्लागार समितीशी बोलून तुकडे केले. एमआयडीसीची जमीन म्हणजे ९५ वर्षांचा भाडेपट्टा, मालकी नव्हे. हस्तांतराला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं. जमीन आणि शेड मिळून ९ कोटी २० लाख आले. यंत्रं वेगळी, ३ कोटी ६० लाख. उरलेला माल, कंपनीचे स्वतःचे पॅटर्न आणि भंगार ५५ लाख. मेहुण्याकडून आलेले आणि गिऱ्हाईकांकडून वसूल झालेले मिळून ६५ लाख. एकूण १४ कोटी. ही रक्कम ज्या बँक खात्यात जमा झाली त्याच्या नावात कंपनीच्या नावापुढं 'परिसमापनात' असे शब्द जोडावे लागतात.

आता वाटप. संहितेच्या कलम ५३ मध्ये याचा क्रम आहे. कामगारांना तो समजावताना मी पंगतीचं उदाहरण घेतलं. लग्नात पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरी बसत नाही. इथला नियम त्याहून कडक आहे. पहिल्या पंगतीतल्या प्रत्येकाचं पोट पूर्ण भरल्याशिवाय दुसरीच्या पत्रावळ्या मांडायच्या नाहीत, आणि एखाद्या पंगतीला अन्न पुरणार नसेल तर तिच्यातल्या सगळ्यांना सारख्या प्रमाणात वाढायचं.

१४ कोटींतून आधी पीएफचे ५० लाख बाजूला निघाले. पहिल्या पंगतीला बसतो तो खर्च. वॉचमनचे पगार, विमा, मूल्यांकक, जाहिराती, कोर्टाचा खर्च, आणि माझी फी. "तुमचं आधी, मग आमचं?" असं मला तोंडावर विचारलं गेलं आहे, आणि तो प्रश्न रास्त आहे. पण गेटवर माणूस नसला की काय होतं हे त्या भट्टीनं दाखवलं होतं. राखण करणाऱ्याला शेवटी काही मिळेल की नाही अशी शंका असेल तर राखणीला कुणी उभं राहणार नाही. दोन्ही टप्प्यांचा मिळून हा खर्च दीड कोटी झाला. उरले १२ कोटी.

दुसऱ्या पंगतीत दोघं शेजारी शेजारी बसतात. आदेशाच्या तारखेआधीच्या २४ महिन्यांतलं कामगारांचं येणं, आणि ज्या बँकेनं आपलं तारण वेगळं न विकता सामाईक गोळ्यात सोडलं तिचं कर्ज. बँकेपुढं दोन वाटा असतात. तारण स्वतः विकायचं, किंवा ते सोडून या पंगतीत यायचं. आमच्या बँकेनं ते सोडलं. तिचा दावा ३३ कोटींचा, कामगारांचा ३ कोटींचा. म्हणजे ३६ कोटींच्या भुकेला १२ कोटींचं अन्न. रुपयाला ३३ पैसे, दोघांनाही. एका मोल्डरचा महिन्याचा पगार ११ हजार होता, २४ महिन्यांचे २ लाख ६४ हजार. त्याच्या खात्यात ८८ हजार जमा झाले. सगळ्या कामगारांना मिळून एक कोटी, बँकेला अकरा.

कामगार बँकेच्या बरोबरीनं बसतो याला लढ्यांचा इतिहास आहे. जुन्या कंपनी कायद्यात १९८५ साली दुरुस्ती होऊन ही बरोबरी पहिल्यांदा आली. तरी बरोबरीतही अंतर असतं. मोल्डरचे ८८ हजार आणि बँकेचे अकरा कोटी एकाच दरानं निघाले, पण बँकेच्या मागं ठेवीदारांचा पैसा आणि हजार दुसरी कर्जं आहेत, मोल्डरच्या मागं पोरीचं लग्न होतं. मला विचाराल तर २४ महिन्यांचा पगार तारणाच्या आधी, स्वतंत्र पंगतीत हवा. सर्वोच्च न्यायालयापुढं मोझर बेअर या बुडालेल्या कंपनीच्या कामगारांचं प्रकरण आलं होतं. २ मे २०२३ ला न्यायालयानं हा क्रम घटनेला धरूनच आहे असं सांगितलं. बदल करायचा तर तो संसदेला करावा लागेल.

२४ महिन्यांच्या आधीचं येणं या पंगतीत बसत नाही. २०१८ च्या दिवाळीचा बोनस राहिला होता. तो कुणालाच मिळाला नाही.

इथं अन्न संपलं. तिसरी पंगत ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांची, शेवटच्या १२ महिन्यांच्या पगारापुरती. कायद्याच्या व्याख्येत कामगार वेगळा आणि कर्मचारी वेगळा. पगारपत्रकं घरी जपून ठेवणाऱ्या अकाउंट्सच्या बाई या तिसऱ्या पंगतीतल्या. त्यांनी जपलेल्या कागदांवर कामगारांना एक कोटी मिळाले. त्यांना स्वतःला शून्य. मी त्यांना ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला बेरीज कळते मॅडम. मंडपात बसले होते तेव्हाच कळलं होतं."

त्यांच्या खाली विनातारण कर्ज देणारे, मग सरकारचे दोन वर्षांचे कर, मग उरलेले सगळे, आणि अगदी तळाला भागधारक. 'उरलेले सगळे' म्हणजे कोण? वाळू पुरवणारा, ट्रकवाला, सुटे भाग देणारा, आणि गेटसमोर कँटीन चालवणाऱ्या मावशी. त्यांचे पावणेदोन लाख अडकले होते. चहाचे आणि वड्याचे. वही त्यांनी नीट ठेवली होती, प्रत्येक पानावर सुपरवायझरची सही. दावा मी पूर्ण मान्य केला. मान्य दावा, आणि मिळाले शून्य रुपये. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असा नियम आहे. पण कंपनी बुडाल्यावर या पंगतीत लघुउद्योगाला वेगळा पाट नाही. त्याचं हत्यार कंपनी चालू असतानाच चालतं.

हे सगळं बघताना मनात एकच हिशेब राहतो, वेळेचा. या कंपनीचं कर्ज २०१६ मध्येच थकीत झालं होतं. तेव्हा ऑर्डरी होत्या, भट्टी होती, मोल्डर होते. एनसीएलटीकडं अर्ज गेला २०१८ मध्ये आणि दाखल झाला जानेवारी २०२० मध्ये. मालकाला स्वतःलाही अर्ज करता येत होता, कलम १० मध्ये तशी सोय आहे. ते एकदा मला म्हणाले होते, "नाव जाईल म्हणून थांबलो." बँकेला घराचं हमीपत्र दिलेलं होतं, त्यामुळं पुढं घरही वादात गेलं. एप्रिल २०२१ पासून लघु आणि मध्यम उद्योगांसाठी धनकोंशी आधीच बोलून योजना न्यायची वेगळी वाट निघाली आहे, पण तीही वेळेत धरणाऱ्यालाच उपयोगी.

मोठ्या कंपन्यांतही हेच घडतं. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालं. जूनमध्ये प्रकरण एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठात दाखल झालं. २०२१ मध्ये एक योजना मंजूर झाली, ती प्रत्यक्षात आली नाही, आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं घटनेच्या १४२ व्या कलमाचा अधिकार वापरून परिसमापनाचा आदेश दिला. साडेपाच वर्षं. आकाशात न जाणारं विमान किती वेगानं निकामी होतं हे वेगळं सांगायला नको.

आमच्या फौंड्रीचं वाटप मे २०२२ मध्ये झालं. पुढच्या वर्षी विसर्जनाचा आदेश आला आणि कंपनी कायद्यानं संपली. शेडमध्ये आता दुसऱ्या कुणाचं गोदाम आहे. पॅटर्न शॉपचे मिस्त्री पैसे जमा झाल्याच्या दिवशी फोन करून म्हणाले, "आलं मॅडम. कमी आलं, पर आलं."

वाचणाऱ्यांत कुणी कारखान्यात कामाला असेल, कुणी कारखान्यांना माल पुरवत असेल. त्यांना हात जोडून सांगणं आहे. पगाराची चिठ्ठी, नसेल तर पगार जमा झालेलं पासबुक, जपून ठेवा. पीएफचं खातं मोबाइलवर चालू करून घ्या आणि दर महिन्याला पैसे भरले जातात का ते बघा. पीएफ थकायला लागला तर तो कंपनीच्या घरातला पहिला धूर असतो, तिथूनच चौकशी सुरू करा. माल देणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी येणं बाकीच्या कागदावर कंपनीची सही घ्यावी, आणि ४५ दिवस उलटले की पत्र लिहावं. गेट बंद झालं तर वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना वाचा, भारतीय नादारी आणि दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावरही त्या असतात. युनियन भरेल, ठेकेदार भरेल म्हणून थांबू नका. पहिल्या टप्प्यात दावा दिला असेल तरी परिसमापन सुरू झाल्यावर परत द्या. मुदत ३० दिवसांची असते. फॉर्म कळला नाही तर परिसमापकाला फोन करा, सूचनेत त्याचा पत्ता असतो आणि समजावून सांगणं हे त्याचं कामच आहे. दावा दाखल करायला एक रुपयाही फी नाही.